पांढरे मोजे आणि मळखाऊ रंग : सूझन वॉर्नर यांची कादंबरी

सूझन वॉर्नर यांची 'द वाइड, वाइड वर्ल्ड' ही कादंबरी १८५० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये, एलिझाबेथ वेदरेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्याआधी अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित साभार परत केले होते. जॉर्ज पुटनम यांनी ते छापले, आणि तेही त्यांच्या आईने वाचून आग्रह धरला म्हणून, असे सांगतात. दोन वर्षांत चौदा आवृत्त्या निघाल्या. तरीही शंभर-सव्वाशे वर्षे समीक्षकांनी या पुस्तकाची बोळवण 'रडकी कादंबरी' एवढ्याच शब्दांत केली.

नायिका एलन मॉन्टगमरी पानोपानी रडते, हे खरेच आहे. पण ती कधी रडते, याकडे नीट पाहावे, अशी माझी विनंती आहे. आजारी आई वडिलांबरोबर युरोपला निघते आणि एलनची रवानगी फॉर्च्युन नावाच्या आत्याकडे, खेड्यात होते. मुलीला पहाटे निघायचे आहे, हे वडील आईला आदल्या रात्री सांगतात. मुलगी झोपलेली असते आणि तिला उठवायचे नाही, असे तेच ठरवतात. तिकडे आत्या एलनचे सगळे पांढरे मोजे रंगाच्या भांड्यात बुडवून मळखाऊ करून टाकते, कारण पांढरे धूत बसायला तिला सवड नाही. आईचे पत्र येते, तेही ती दाबून ठेवते. मोजे आपले, पत्र आपल्या नावाचे, पण दोन्हींवर हक्क दुसऱ्याचा. ज्या मुलीला उलट बोलायची मुभा नाही आणि निघून जायला जागा नाही, तिच्या हाती रडण्याखेरीज काय उरते? धर्म उरतो, असे वॉर्नर यांचे उत्तर आहे आणि त्या ते मनापासून देतात. एलनने प्रत्येक वेळी राग गिळावा, हा त्यांचा हट्ट मात्र मला पटत नाही. आणि गंमत अशी की, त्यांनी खाष्ट म्हणून रंगवलेली आत्याच पुस्तकातली सर्वांत जिवंत बाई ठरते.

घरातल्या सत्तेची ही जाण वॉर्नर यांना अनुभवातून आली होती. त्यांचे वडील हेन्री वॉर्नर वकील होते. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात त्यांची बहुतेक मालमत्ता गेली आणि न्यूयॉर्कचे ऐश्वर्य सोडून हे कुटुंब हडसन नदीतल्या कॉन्स्टिट्यूशन बेटावरच्या एका जुन्या घरात राहायला आले. समोरच्या काठावर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी होती. व्यवहार वडिलांनी केले. खर्चाची तोंडमिळवणी सूझन आणि धाकटी बहीण ॲना यांनी लेखणीवर, आयुष्यभर केली. पैशाची निकड इतकी असे, की पुस्तकांचे हक्क ठोक रकमेला विकून टाकण्याची पाळी सूझन यांच्यावर वारंवार आली.

कादंबरीचे एक शेवटचे प्रकरण त्या काळी छापलेच गेले नाही. ते १९८७ च्या आवृत्तीत प्रथम वाचकांपुढे आले. त्यात एलनचे, तिला शिकवून घडवणारा तरुण धर्मोपदेशक जॉन हम्फ्रीज याच्याशी लग्न झालेले आहे. नवरा तिला खास तिच्यासाठी सजवलेली खोली देतो, खर्चायला पैसे देतो. त्या खोलीत जायचे, तर वाट मात्र त्याच्या खोलीतून आहे.