दोन ठोक्यांमधली उसंत

(पर्वती, पहाट)

पर्वतीच्या १०३ पायऱ्या. मधल्या टप्प्यावर काका कठड्याला टेकलेत. पूर्वी इथवर आलं की छाती आवळून यायची, डावा हात जड पडायचा. आज थांबलेत ते फक्त दम खायला.

(इकोचा पडदा)

हे काकांचं हृदय. आवळतंय, सैल पडतंय. नीट बघा, कारण सगळं इथेच आहे. आवळताना हा स्नायू स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्या दाबून टाकतो. अख्ख्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः सैल पडल्यावर, दोन ठोक्यांमधल्या उसंतीत. तेव्हा ते पुढे ढकलणारा दाब म्हणजेच बीपीचा खालचा आकडा. म्हणूनच ब्लॉकेज असलेल्या माणसाचा हा आकडा औषधांनी फार खाली जाऊन चालत नाही.

मिनिटाला ६० ठोके, म्हणजे एका ठोक्याला पूर्ण सेकंद. ९० झाले की पाऊण सेकंदही उरत नाही, आणि कात्री लागते ती उसंतीलाच.

स्कॉटलंडचे औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी वेगळा विचार केला. रक्त वाढवता येत नसेल, तर हृदयाची भूक कमी करू. त्यातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं, पहिल्या बीटा ब्लॉकरांपैकी एक. ठोके मंदावतात, बीपी उतरतं, उसंत वाढते. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. किती साधा विचार, आणि किती जणांच्या छातीतली कळ थांबली!

बीपी उतरवणारी प्रत्येक गोळी असं करत नाही. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत एके काळी सर्रास होती. प्रेशर धाडकन पडायचं, हृदय जोरात धावू लागायचं, उपाशी स्नायू आणखी उपाशी राहायचा. काहींना त्यातच अटॅक आला. आजची अ‍ॅम्लोडिपिन सावकाश काम करते, म्हणून हा धोका तिच्यात फारसा नाही.

(गोळ्यांची डबी, जवळून)

सात कप्पे. प्रत्येकात मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरची अर्धी गोळी, काकूंनी मधल्या रेघेवर मोडलेली. बरं वाटतंय म्हणून ही एकदम सोडली, तर दुखणं उसळून येतं, अटॅकही येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची.

(घर, सकाळ)

काकांच्या दंडाला पट्टा. काकूंच्या हातात वही. वरचा १२८, खालचा ७४.

काकू खालचा आधी लिहितात.