आधी क्लच, मग बंदूक

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी साडेसहाला घराबाहेर पडायची हिंमत केलेले तुम्ही सगळे, नमस्कार. कूलरसमोरच्या खुर्च्या आधी भरल्या आणि दाराजवळच्या रिकाम्या राहिल्या, हे मी आल्या आल्या पाहून ठेवलंय. त्याचा विषयाशी संबंध आहे. वेळ उरला तर सांगतो.

पत्रिकेवर माझ्या नावाआधी 'सुरक्षातज्ज्ञ' छापलंय, ते खोडा. मी ड्रायव्हर. पोलिस खात्यातली सगळी नोकरी मोटार परिवहन विभागात गेली, निवृत्तीनंतर काही वर्षं एका एजन्सीची कॅश व्हॅन चालवली. तज्ज्ञ लोक माझ्या मागच्या सीटवर बसायचे आणि बहुतेक झोपायचे. (हशा)

विषय दिलाय तो असा, की चालत्या गाडीवर कोणी हत्यार घेऊन आलं तर गस्तीवरच्या पोलिसानं, गार्डनं काय करायचं. लोकांना वाटतं, आता हा बंदुकीबद्दल बोलणार. मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत फिरतोय आणि घरात ती ऐकायला आता कोणी तयार नाही, म्हणून तुमच्याकडे आलो. गाडीत बसलेल्या माणसाचं पहिलं हत्यार गाडीच. आधी क्लच, मग बंदूक.

किस्सा सांगतो. ज्यांनी ऐकलाय त्यांनी शेवट फोडू नका.

मे महिनाच, दुपारचे दोन-अडीच. कामठी रोडनं शहरात येत होतो. बाजूला गार्ड, मागे दुसरा गार्ड आणि कॅशवाले दोघं. बाजूचे गार्ड फौजेतून रिटायर झालेले. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण मिशी अशी की सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांच्याजवळ बारा बोरची दुनळी बंदूक. दुनळी म्हणजे जवळपास चार फूट लांब वस्तू. घरी गेल्यावर एक करा. झाडू घ्या, गाडीत पुढच्या सीटवर बसा, बेल्ट लावा आणि तो झाडू झटकन खिडकीबाहेर काढून दाखवा. घरचे विचारतील काय चाललंय, तर माझं नाव सांगा.

तर आरशात बघतो, मागे मोटारसायकल. दोन पोट्टे. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर काळा गॉगल. पुण्यामुंबईचा माणूस असता तर इथेच घाबरला असता. पण आपल्याकडे मे महिन्यात अख्खं गाव दरोडेखोरासारखं दिसतं. कॉलेजची पोरगी, बँकेचा मॅनेजर, आमच्या सौ., सगळ्यांचे नुसते डोळे. ट्रेनिंगमध्ये शिकवतात, चेहरा झाकलेल्या माणसावर लक्ष ठेवा. अरे बाप्पा, कोणाकोणावर ठेवू?

मी वेग कमी केला, त्यांनी कमी केला. मी वाढवला, त्यांनी वाढवला. ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे ते माझ्या खिडकीच्या बरोबरीला आले आणि मागचा पोट्टा हातवारे करत ओरडायला लागला. काच बंद, काही ऐकू येईना. मग त्यानं चाकाकडे बोट दाखवलं. 'भाऊ, टायर! टायर बसला तुमचा!'

आता हात वर करा. कोण गाडी बाजूला घेईल? बघा, निम्म्याहून जास्त. भले लोक आहात. टायर बसला, ऑइल गळून राहिलं, खाली नोटा पडल्या तुमच्या, ही लुटणाऱ्यांची जुनी भाषा आहे. तुम्ही उतरून खाली वाकता आणि सीटवरची बॅग दुसऱ्या दारानं निघून जाते.

काकांनी काय केलं? उचलली दुनळी. नळी छताला अडली. तिरपी केली तर दस्ता माझ्या गिअरच्या दांडीवर. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकतोय आणि गिअर पडत नाही. नळीचं तोंड माझ्या डाव्या कानापाशी, पोट्टे माझ्या उजव्या हाताला, म्हणजे काकांचा नेम आणि पोट्टे यांच्यामध्ये कोण? मी. त्या क्षणी बाहेरच्या दोघांपेक्षा आतल्या एकाची भीती जास्त. म्हटलं, 'काका, खाली घ्या ती, मी राहिलो तर गाडी चालेल.'

गाडी डावीकडे ओढत होती. टायर बसलाय हे स्टिअरिंग सांगत होतं. पण बसवला कोणी, हे स्टिअरिंग सांगत नाही. मी उतरलो नाही. हूटर लावला आणि तशीच दामटली. आधी नुसती थडथड, मग रबर सोलून निघालं आणि रिमचा लोखंडी आवाज सुरू झाला. पानठेल्यावरचे लोक उभे राहून बघून राहिले. असं जवळपास दोन किलोमीटर. थेट ठाण्याच्या आवारात घातली, वळवली, तोंड फाटकाकडे करून उभी केली.

पोट्टे मागोमाग हजर. दुपट्टे सोडले तर पॉलिटेक्निकची पोरं. एक मला म्हणतो, 'काका, काहून थांबले नाही जी? आम्ही केव्हाचे सांगून राहिलो होतो, खिळा घुसला म्हणून!' (हशा) ड्यूटी सुटल्यावर मी दोघांना रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला. इथवर सगळं ठीक.

पुढचं ऐका. एजन्सीनं टायर आणि रिमचे पैसे माझ्या पगारातून कापले. तीन हप्त्यांत. साहेब म्हणाले, 'दरोडेखोर नव्हते ना? मग गाडी का मारली?' मी म्हटलं, 'साहेब, ते दरोडेखोर नव्हते हे मला ठाण्यात कळलं, रस्त्यावर नाही.' साहेबांना हे पटलं नाही. आणि काकांना? काकांना प्रशस्तिपत्र. प्रसंगावधान राखून शस्त्र सज्ज ठेवल्याबद्दल! त्यांनी ते फ्रेम करून बैठकीत लावलंय. मी दर दिवाळीला फराळाला जातो आणि त्याच्या बरोबर खाली बसतो.

माझं रडगाणं म्हणा, पण गाडीत बंदूक धरलेला माणूस लोकांना दिसतो, चाक धरलेला दिसत नाही. आपल्याच गावचं बघा. १ जून २००६, पहाट, महाल. लाल दिव्याची पांढरी अ‍ॅम्बेसेडर, आत पोलिसांची वर्दी चढवलेले तिघं अतिरेकी, रोख संघ मुख्यालयाकडे. गस्तीच्या पोलिसांना संशय आला. ते साध्या टाटा सुमोत होते, मागे लागले, अडवल्यावर गोळीबार झाला आणि चकमकीत ते तिघंही मारले गेले, अशी पोलिसांची नोंद. लोक मला विचारतात, गोळ्या किती झाडल्या? मी विचारतो, सुमो किती अंतर ठेवून होती? फार जवळ गेलात तर समोरचा ब्रेक मारून तुम्हाला अडकवतो, लांब राहिलात तर एका वळणात गुम. हे अंतर बंदूकवाला ठेवत नाही.

आणि २६ नोव्हेंबर २००८. कामा हॉस्पिटलजवळची ती क्वालिस. साळसकर साहेब स्वतः चाकावर, शेजारी कामटे साहेब, मधल्या सीटवर करकरे साहेब, मागे चार शिपाई. त्यातले अरुण जाधव तेवढे वाचले. हाताला गोळ्या लागलेल्या, अंगावर सहकारी पडलेले, हत्यार तिथेच, आणि हात पोचत नाही. त्यांच्याबद्दल बोलताना मी कोणाला शहाणपण शिकवणार नाही. फक्त ती क्वालिस डोळ्यांसमोर आणा. अरुंद गल्ली, साधा पत्रा, आडोशातून एके-४७. गाडीच्या दाराचा पत्रा गोळी अडवत नाही. सिनेमात अडवतो.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' मंडळी, खरं व्याख्यान आता सुरू होणार होतं. असो, पटापट सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी हात चालवा.

अंतर. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा तुम्हाला दिसली पाहिजे. तेवढी जागा असली की रिव्हर्स न घेता गाडी बाहेर काढता येते. व्हरायटी चौकात लोक बंपरला बंपर चिकटवतात. कॅश व्हॅननं ते करायचं नाही. पहिला गिअर, क्लच दाबलेला, नजर आरशात. शीर्षक तिथून आलं.

वेळ. माणसाला काहीतरी घडतंय हे कळून पाय हलेपर्यंत साधारण दीड सेकंद धरा. ताशी ६० वर तेवढ्यात गाडी २५ मीटर गेलेली असते. अमेरिकेत डेनिस ट्युलर नावाच्या पोलिस सार्जंटनं १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकूवाला तेवढ्याच दीड सेकंदात २१ फूट पळत येतो. तुम्ही बेल्टमध्ये अडकलेले, दुनळी छताला अडकलेली. हाताला जे जमत नाही ते अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायाला जमतं.

हत्यार अंगावर, सीटवर नाही. मायामीत ११ एप्रिल १९८६ ला एफबीआयचे आठ जण दोन लुटारूंना अडवायला गेले, गाड्या धडकल्या. एकानं पिस्तूल आधीच काढून सीटवर ठेवलं होतं, धडकेत ते उडालं. दुसऱ्याचा, ग्रोगन यांचा, चष्मा उडाला. ते त्यातच गेले, आणखी एक जण गेला. पुढे चर्चा झाली ती गोळी केवढी मोठी हवी याची! चष्म्याला दोरी बांधा, पहिल्या रांगेला सांगतोय.

आडोसा. गाडी बंदच पडली तर आत बसून राहू नका. हल्लेखोराच्या उलट्या बाजूनं उतरा आणि इंजिन किंवा चाकाच्या मागे व्हा. गोळी अडवणारं लोखंड तिथेच आहे. आतून समोरच्या तिरप्या काचेतून झाडलेली गोळी नेमाच्या वर जाते, शिवाय बंद गाडीत बार काढला की पुढे वॉकीटॉकीवर काय बोलतात ते ऐकू येत नाही.

नियम. केंद्रानं २०१८ मध्ये कॅश व्हॅनचे आदर्श नियम काढले. दोन सशस्त्र गार्ड, एक पुढे ड्रायव्हरजवळ, एक मागे. एका फेरीत पाच कोटींच्या वर रोकड नाही. चहाला, लघवीला थांबले तरी एक सशस्त्र गार्ड गाडीपाशीच. शेवटचा नियम टपरीवर रोज मोडतो, तुम्हीच बघता.

कायदा. स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ कलमं आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली, १ जुलै २०२४ पासून. गरजेपुरताच जोर. मारायला आलेला पळत सुटला, जिवाची भीती संपली, की त्याच्या पाठीत घातलेली गोळी किंवा अंगावर घातलेली गाडी बचाव म्हणून खपत नाही. ११२ लावा, नंबर सांगा.

दुसरी चिठ्ठी. बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी. दाराजवळच्या खुर्च्यांचं राहिलंच.

आणि एक निवेदन. मी माझी गाडी तोंड बाहेर करून लावली आहे, कधीही निघता यावं म्हणून, जन्माची सवय. कार्यवाह सांगून राहिले की तिच्या बंपरला चिकटवून कोणीतरी पांढरी स्विफ्ट उभी केली आहे, हँडब्रेक ओढून. ज्यांची असेल त्यांनी कृपया चहाच्या आधी काढावी.