कोणता बास न्यायचा, कोणता सोडायचा

(टेक्ससमधल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. टेक्ससमध्ये त्याच्यासाठी गळ टाकायचा तर दोन आकडे तोंडपाठ हवेत : पाच आणि चौदा. एका माणसाने दिवसाला सगळ्या जातींचे मिळून जास्तीत जास्त पाच बास ठेवायचे, आणि त्यातला प्रत्येक लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाच्या जातीचा बास, किमान १४ इंच भरायला हवा. हा नियम राज्यभर १९८६ पासून आहे. पण काही तलावांना सरकारने स्वतंत्र नियम लावलेत आणि तिथे हे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. अशाच एका तलावाबद्दल मला आज जास्त बोलायचं आहे, कारण बासचे नियम कशासाठी असतात हे तिथे सगळ्यात चांगलं कळतं.

डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे. तिथे १९८० मध्ये पाणी अडवलं. तलाव भरण्याच्या आधीच त्या भागातल्या तळ्यांमध्ये फ्लोरिडाच्या जातीचे बास सोडून ठेवले होते. हे बास आपल्या इथल्या मूळ लार्जमाउथपेक्षा मोठे होतात. २४ जानेवारी १९९२ या दिवशी फोर्कमध्ये १८.१८ पौंडांचा बास लागला आणि टेक्ससचा विक्रम आजही त्याच माशाच्या नावावर आहे. आता तिथला नियम ऐका. १६ इंचांपर्यंतचा बास ठेवता येतो. १६ आणि २४ इंचांच्या मधला एकही ठेवता येत नाही, तो जागच्या जागी सोडायचा. २४ इंच किंवा त्याहून मोठा असेल तर दिवसाला एकच. एकूण मात्र पाचच.

पहिल्यांदा ऐकणारा माणूस चक्रावतो. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की लहान मासा सोडावा आणि मोठा घरी न्यावा. इथे नेमकं उलटं. का? तर तलावात खाणं ठरावीक असतं. शॅड, ब्लूगिल वगैरे जे काही छोटे मासे असतील तेवढ्यावरच सगळ्यांनी जगायचं. लहान बासची गर्दी झाली की कुणालाच पोटभर मिळत नाही आणि सगळेच खुरटे राहतात. शेतकरी बाजरीची विरळणी करतो ती याच कारणासाठी. दुसरीकडे १६ ते २४ इंचांचा बास म्हणजे बगळे, मोठे मासे, दुष्काळ या सगळ्यांतून वाचलेला मासा. थोडी वर्षं मिळाली तर दहा-बारा पौंडांचा होणारा तोच. आणि एवढा मोठा होणारा बास बहुधा मादी असतो. म्हणजे अंडी घालणारी उत्तम मादी आपण तव्यावर घालायची की नाही, असा हा प्रश्न आहे.

आता या नियमाची दुखरी बाजू सांगतो. त्याचा अर्धा भाग लोक पाळतात, अर्धा सोडून देतात. मधला मासा सोडायचा, तो सगळे सोडतात. लहान मासा न्यायचा, तो कुणी नेत नाही! यामागे इतिहास आहे. रे स्कॉट यांच्या बास संघटनेने १९७२ च्या सुमाराला स्पर्धांमध्ये मासा जिवंत परत सोडायची पद्धत रुजवली. ते फार चांगलं काम होतं, कारण त्याआधी स्पर्धेतले बास मरूनच जायचे. पण ती पद्धत पुढे इतकी अंगवळणी पडली की आता बासवाला माणूस पकडलेला जवळजवळ प्रत्येक मासा सोडतो आणि बास खाल्ला म्हटलं तर नाक मुरडतो. मग विरळणी करायची कुणी? नुसती पुस्तकात लिहिलेली लांबीची मर्यादा पाण्यातली गर्दी कमी करत नाही. म्हणून राज्याचे मत्स्यशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं विनवतात की बाबांनो, लहान बास घरी न्या.

आणि म्हणून मी तुम्हाला सांगतो, आपण मासे खाणारी माणसं आहोत, आपण न्यावेत. फोर्कवर तेरा-चौदा इंचांचा बास लागला तर खुशाल ठेवा. त्याचं मांस पांढरं आणि सौम्य असतं. खवले काढून तुकड्यांना हळद, तिखट, मीठ, थोडं आगळ लावा आणि रव्यात घोळवून तव्यावर परता. काटाही फार त्रासाचा नाही. एक काळजी मात्र घ्या. बास हा शिकारी मासा, त्याच्या अंगात पारा साठतो आणि वय वाढेल तसा वाढत जातो. पूर्व टेक्ससमधल्या कॅडो लेकसारख्या काही तलावांतल्या बासबद्दल आरोग्य खात्याची सूचना आहे. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ती आधी वाचा. लहान मासा खायला बरा, याला हेही एक कारण आहे.

फ्लोरिडाने १ जुलै २०१६ पासून हाच विचार राज्यभर लावला : पाच बास, त्यातला १६ इंचांचा किंवा मोठा एकच, आणि लार्जमाउथला किमान लांबीची अट नाही. लहान खा, मोठे राखा. मला हा नियम टेक्ससच्या १४ इंचांपेक्षा जास्त पटतो.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत चिंता वेगळी. वसंतात पाणी जरा कोमट झालं की नर बास उथळ पाण्यात येतो, शेपटीने तळ झाडून ताटाएवढी किंवा त्याहून मोठी गोल जागा स्वच्छ करतो. तेच त्याचं घरटं. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचे दिवस नर तिथून हलत नाही. जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो, म्हणून गळालाही चटकन लागतो. त्याला तुम्ही वर काढलंत की टपून बसलेले ब्लूगिल काही मिनिटांत घरट्यावर तुटून पडतात. न्यूयॉर्कमध्ये म्हणूनच बास ठेवायची मुभा १५ जून ते ३० नोव्हेंबर एवढीच आहे. बाकीच्या काळात धरलेला लगेच सोडायचा, तोही कृत्रिम आमिष वापरूनच. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामागेही प्रजननाचा काळ हे मोठं कारण आहे. टेक्ससमध्ये बासला असा बंद काळ नाही. इथे उन्हाळा लांब, अंडी घालायचा काळ महिनोन्‌महिने पसरलेला, वाढही भराभर. कायदा मोकळीक देतो, तरी घरट्यावर बसलेल्या नरासमोर आमिष नाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजण्याबद्दल थोडं. फीत माशाच्या फुगीर अंगावरून फिरवायची नाही. सपाट पट्टीवर मासा आडवा ठेवा, तोंड मिटवा, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणा आणि जास्तीत जास्त लांबी घ्या. पट्टी आधी ओली करा, हातही ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे आजारी पडतो. पावणेचौदा म्हणजे चौदा नव्हे. आणि पाण्यावर असताना डोकं-शेपूट कापायचं नाही, कारण गेम वॉर्डनला, म्हणजे हे नियम पाळले जातात का ते तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, लांबी मोजता आली पाहिजे.

पैशाचा मुद्दा लोकांना माहीत नसतो. १९५० च्या केंद्रीय कायद्याने गळाच्या काठ्या, रीळ यांवर १० टक्के कर आहे. तो उत्पादकाकडून घेतला जातो, म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या काठीच्या किमतीत आलाच. तो पैसा राज्यांना वाटताना ४० टक्के वाटा क्षेत्रफळावर आणि ६० टक्के मासेमारीच्या परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो. शिवाय अट अशी की परवान्याचं शुल्क राज्याने दुसऱ्या कामाकडे वळवायचं नाही. तेव्हा परवाना काढणं ही सरळसरळ तलावात मासे सोडणाऱ्या मत्स्यबीज केंद्राला मदत आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात आणि बाबा हौसेने गळ हातात घेतात. ज्येष्ठ नागरिकांना माफी असेल असं सगळे गृहीत धरतात. तसं नाही. वयाची सवलत टेक्ससच्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. सतरा वर्षांखालच्या नातवाला परवाना लागत नाही, आजोबांना लागतो. त्यांच्यासाठी एका दिवसाचा परवाना मिळतो. राज्य उद्यानात काठावरून गळ टाकलात तर परवान्याची गरज नाही, आणि जूनच्या पहिल्या शनिवारी तर कुठेच नाही. पण लांबीचे आणि संख्येचे नियम त्या दिवशीही तेच. नियमांचं नवं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. तेव्हा राज्याचं नियमांचं आउटडोअर ॲन्युअल ॲप उघडून आपापल्या तलावाचं नाव टाका आणि अपवादांच्या यादीत ते आहे का बघा.