कपाटातला शेवटचा वाघ

श्रोतेहो, नमस्कार.

होबार्ट म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना कोहली आठवतो. २०१२ सालची ती खेळी, श्रीलंकेविरुद्ध ८६ चेंडूंत नाबाद १३३. मला मात्र होबार्टचं एक कपाट आठवतं. त्या कपाटाकडे आपल्याला यायचंच आहे, पण आधी प्राण्याची ओळख करून देतो.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे, होबार्ट तिथलंच. तिथला हा टास्मानियन वाघ. शास्त्रीय नावावरून त्याला थायलासिन म्हणतात. नावात वाघ असला तरी वाघाचं आणि याचं दूरचंही नातं नाही. तोंड कुत्र्याचं, शेपूट काठीसारखं ताठ, पाठीच्या मागच्या भागावर पंधरा-वीस काळपट पट्टे आणि पोटाला पिशवी. हो, पिशवी, कांगारूला असते तशी. फक्त हिचं तोंड मागच्या बाजूला. आणि गंमत म्हणजे नरालाही पिशवी होती. पट्टे पाहून गोऱ्यांनी त्याला वाघ म्हटलं, त्यांना हसायचं कारण नाही. आपल्याकडेही गावात बिबट्या शिरला की बातमी ‘वाघ आला’ अशीच पसरते.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा प्राणी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच गेला. डिंगो नावाचे रानटी कुत्रे तिथे आले, ते समुद्रामुळे टास्मानियात पोचले नाहीत. म्हणून बेटावरचे वाघ उरले. मग तिथे माणसांनी मेंढ्या आणल्या. मेंढ्या मरायला लागल्या की नाव वाघाचं. १८३० मध्ये एका मेंढीपालक कंपनीनं त्याच्या डोक्यावर इनाम लावलं. पुढे सरकारनंही इनाम द्यावं असा ठराव तिथल्या विधिमंडळात आला आणि तो किती मतांनी मंजूर झाला माहीत आहे? बारा विरुद्ध अकरा. एका मतानं, श्रोतेहो, एका मतानं! मतदानाच्या सुट्टीला लोणावळ्याला जाणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या मंडळींना मी हा आकडा दर निवडणुकीला ऐकवतो. ते हसतात आणि लोणावळ्याला जातात.

असो. १८८८ ते १९०९ या काळात मोठ्या वाघामागे एक पौंड आणि पिल्लामागे दहा शिलिंग, अशी २,१८४ इनामं सरकारनं वाटली. जबडा मात्र अडकित्त्यासारखा रुंद उघडणारा असला तरी मोठी मेंढी मारण्याइतका दणकट नव्हताच, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं. मेंढ्या बऱ्याचशा मोकाट कुत्र्यांनी मारल्या होत्या. अखेर १० जुलै १९३६ रोजी कायद्यानं या प्राण्याला संरक्षण मिळालं. त्यानंतर एकोणसाठ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात थायलासिन मेला. एकोणसाठ दिवस. दोन महिनेसुद्धा नाहीत.

आता कपाट.

मेलेल्या त्या प्राण्याचं पुढे काय झालं, हे पंचाऐंशी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. अभ्यासकांनी शोधलं, संग्रहालयांची दप्तरं उलटीपालटी केली. १९३६ सालचा थायलासिन कुठल्याही नोंदवहीत नाही. सगळ्यांनी धरून चाललं की फेकून दिला असणार. दरम्यान दंतकथा वाढली. त्याचं नाव बेंजामिन होतं, असं एका माणसानं १९६८ साली सांगितलं आणि जगानं ते उचललं. कुणी म्हणे, थंडीच्या रात्री त्याला आतल्या खोलीत घ्यायचं राहून गेलं. डिसेंबर १९३३ ची, डेव्हिड फ्ले या प्राणी-अभ्यासकानं काढलेली एक मूकफीत आहे, त्यात एक थायलासिन जांभई देतो. त्या प्राण्यानं फ्लेंना चित्रण करताना पार्श्वभागावर चावा घेतला होता. तोच शेवटचा, असं लोक समजत राहिले.

मग रॉबर्ट पॅडल आणि कॅथरिन मेडलॉक या दोन अभ्यासकांच्या हाती एक कागद लागला. होबार्टच्या संग्रहालयात कातड्यांत पेंढा भरून प्राणी उभे करणारा जो कारागीर होता, त्याचा १९३६-३७ चा वार्षिक अहवाल. कधी न छापलेला. वर्षभरात कुठल्या प्राण्यांवर काम केलं, त्याची यादी. त्या यादीत थायलासिन होता! मी तर म्हणतो, इतिहास कवींनी नाही, कारकुनांनी राखला. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही एक कपाट होतं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई कायम गावाला. ते उघडलं तेव्हा आत बाटलीत एक धामण निघाली, चिठ्ठी झुरळांनी खाल्लेली. कुठली, कुणी पकडली, काही कळेना. यादी हवी होती हो, एक साधी यादी.

तर कागदावरून माग काढत ते दोघं पोचले कुठे? त्याच संग्रहालयाच्या शिक्षण विभागातल्या कपाटात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कातडं कमावलेलं होतं, म्हणजे गुंडाळून नेता येईल असं. हाडं सुटी करून पाच पुठ्ठ्यांवर बसवलेली. तिथले गुरुजी ते पुठ्ठे विद्यार्थ्यांपुढे मांडून प्राण्याची रचना शिकवत. ते कातडं प्रदर्शनाबरोबर ऑस्ट्रेलियाभर फिरूनही आलं होतं. आपण शेवटचा थायलासिन घेऊन हिंडतोय, हे नेणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आणि तो बेंजामिनही नव्हता. ती एक म्हातारी मादी होती. इलायस चर्चिल नावाच्या फासेपारध्यानं पकडून मे १९३६ मध्ये प्राणिसंग्रहालयाला विकलेली. जमिनीवर फास लावणं बेकायदा होतं, त्याला दंड झाला असता, म्हणून खरेदीची नोंदच केली नाही. पुन्हा सांगतो: मादी, म्हातारी, मे महिना, आणि नोंद नाही. इथेच सगळा घोटाळा झाला. हे सगळं जाहीर झालं २०२२ च्या डिसेंबरात.

१९८२ मध्ये तिथल्या एका वन्यजीव अधिकाऱ्यानं पावसाळी रात्री गाडीतून बॅटरीच्या उजेडात आपण थायलासिन पाहिला, असं सांगितलं. त्याच्या अंगावरचे बारा पट्टेसुद्धा मोजले म्हणे. मग मोठी शोधमोहीम निघाली. जंगल पालथं घातलं, काही हाती लागलं नाही. त्या दिवसांत होबार्टमध्ये कुणीही दुपारच्या उजेडात, बसल्या जागी, म्हातारीचे पट्टे मोजू शकलं असतं.