ढोलाची थाप कानात शिरते तेव्हा

गणेश विसर्जनाच्या दिवशी नाशिकची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि मेन रोड, रविवार कारंजा करीत रामकुंडाकडे सरकते. या मार्गावर ढोलाच्या पानावर टिपरू पडते, तेव्हा पानालगतची हवा आळीपाळीने दाबली जाते व विरळ होते, आणि दाबाचा हा चढउतार सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने आपल्या कानापर्यंत पोहोचतो.

बाह्यकर्ण तो गोळा करून अडीच सेंटिमीटर लांबीच्या कर्णनलिकेत सोडतो. कानाच्या वळ्या केवळ शोभेसाठी नाहीत. आवाज वरून येतो की खालून, पुढून की मागून, याची खूण त्यांच्यामुळे मिळते. नलिकेच्या शेवटी जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा, मोतिया करड्या रंगाचा पडदा ताणलेला असतो.

खरा पेच येथून पुढे आहे. ऐकण्याचे मुख्य काम अंतःकर्णातील द्रवात चालते, आणि हवेतून द्रवावर आदळणारा आवाज जवळजवळ सगळाच परत फिरतो. रामकुंडात बुडी मारलेल्याला घाटावरची हाक ऐकू येत नाही, ती याच कारणाने. हा अडथळा मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे पार करतात. त्यांतील रिकीब सुमारे तीन मिलिमीटरची, म्हणजे शरीरातील सर्वांत लहान हाड. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्र रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे सतरापट असते. खिळ्याच्या माथ्यावरचा ठोका टोकाशी एकवटावा तसे पडद्यावरचे बळ त्या तळव्यावर एकवटते, आणि हाडांच्या तरफेची भर पडून दाब वीसपटीहून अधिक वाढतो. शरीरातील सर्वांत सुबक यंत्रणा कोणती, असे कोणी विचारले तर आमचे मत या तीन हाडांना.

मध्यकर्णात हवा असते आणि ती घशाशी एका नळीने जोडलेली असते. कसारा घाट उतरताना बाहेरचा दाब वाढतो व कानाला दडे बसतात. आवंढा गिळला की ही नळी उघडते आणि दडे सुटतात.

रिकिबीच्या हालचालीने अंतःकर्णातील शंखाकृती नळीतल्या द्रवात लाट उठते. अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यातले लवचिक पटल सुरुवातीला अरुंद व ताठ, तर टोकाकडे रुंद व सैल असते. त्यामुळे ताशाच्या तर्रीतले उंच स्वर पटलाला सुरुवातीलाच हलवतात, आणि ढोलाचा घुमारा आतल्या टोकाकडे जाऊन उमटतो. पटलावरून धावणारी ही लाट मृतदेहांच्या कानांत प्रत्यक्ष पाहणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पटलावर केशपेशींच्या रांगा आहेत : एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. बाहेरच्या पेशी स्वतः आखडून व लांबून क्षीण आवाज वाढवतात. मेंदूकडे वार्ता पाठवण्याचे काम मुख्यतः आतल्या पेशी करतात. त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म तंतू वाकले की पेशीची दारे उघडतात, पोटॅशियमचे आयन आत शिरतात आणि श्रवणचेतेत विद्युतसंदेश निघतो.

माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठा आवाज आला की रिकिबीला जोडलेला स्नायू आखडून तिची हालचाल रोखतो खरा, परंतु त्याला सेकंदाचे काही शतांश भाग लागतात आणि तोवर टिपरूचा पहिला ठोका आत पोहोचलेला असतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुसह्य मानला जातो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. अशा गोंगाटाने होणारी हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४,००० कंपने असलेल्या उंच स्वरांच्या आसपास सुरू होते. माणसाला समोरच्याचा आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटू लागतात आणि बोलणे नीट कळत नाही. घरच्यांच्या हे ध्यानात येण्याआधीच श्रवणचाचणीच्या आलेखावर त्या जागी खड्डा दिसू लागतो. त्यामुळे पथकातील वादकांनी सरावाच्या वेळीही कानात बोळे घालावेत आणि ही चाचणी अधूनमधून करून घ्यावी.