दोन निकालांमधले चार दिवस

वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोरच्या पदपथावर, मृत्युदंडाविरुद्ध लढणारे कार्यकर्ते १९९४ पासून दरवर्षी २९ जून ते २ जुलै असे चार दिवस उपोषण करत आले आहेत. या तारखा विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. २९ जून १९७२ रोजी याच न्यायालयाने ‘फर्मन विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, त्या वेळचे मृत्युदंडाचे कायदे घटनाबाह्य ठरवले आणि सहाशेहून अधिक कैद्यांचे प्राण वाचले. २ जुलै १९७६ रोजी मात्र राज्यांनी नव्याने केलेले कायदे मान्य करून त्याने ही शिक्षा परत येऊ दिली.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर निदर्शनांना मनाई आहे. पदपथावर फलक धरण्याची मुभासुद्धा १९८३ मध्ये कोर्टात लढूनच मिळाली. १७ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे ही शिक्षा परत आल्यानंतर पहिल्यांदा अमलात आणली गेली त्याला ४० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अठरा कार्यकर्त्यांनी पायऱ्यांवर फलक उलगडून स्वतःला अटक करवून घेतली.

या शिक्षेचे समर्थन बहुतेक वेळा पीडितांच्या नावाने होते, म्हणून इथे आलेल्यांपैकी बिल पेल्की यांचे म्हणणे आधी ऐकायला हवे. ते इंडियानातल्या पोलाद कारखान्यात क्रेनचालक होते. १९८५ मध्ये त्यांच्या ७८ वर्षांच्या आजीचा, मुलांना बायबल शिकवणाऱ्या रूथ पेल्की यांचा, शाळकरी मुलींनी राहत्या घरात चाकूने भोसकून खून केला. त्यांतल्या एकीला, गुन्ह्याच्या वेळी ती अवघी पंधरा वर्षांची असूनही, मृत्युदंड झाला आणि तो तेव्हा पेल्की यांनाही योग्यच वाटला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, कामाच्या पाळीत, उंचावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये एकटे बसलेले असताना, आजीला हे पटले असते का, हा प्रश्न त्यांना सोडेना. त्यांनी त्या मुलीला पत्र लिहिले आणि तिच्या सुटकेसाठी नव्हे, तर जिवासाठी मोहिमेत उडी घेतली. वीस लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, पोप जॉन पॉल दुसरे यांनी दयेची विनंती केली, आणि १९८९ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा साठ वर्षांच्या कैदेवर आणली.

पेल्की यांच्या शेजारी इथे असेही लोक उभे राहत, ज्यांना मृत्युदंड ठोठावल्यानंतर निर्दोष सोडावे लागले. १९७३ पासून अशांची संख्या दोनशेच्या घरात गेली आहे. ही चूक अंमलबजावणीनंतर उघड झाली, तर ती दुरुस्त करण्याचा मार्ग कोणत्याही न्यायालयापाशी नाही.

पेल्की २०२० मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, या पदपथापासून पोटोमॅक नदीपलीकडे असलेल्या व्हर्जिनियाने मृत्युदंड रद्द केला. केंद्राच्या आणि निम्म्याहून अधिक राज्यांच्या कायद्यांत मात्र तो अजून कायम आहे.