बांधावरचा हंस

(आकाशातून: कोलव्हिल नदीचं मुख, अलास्का)

वरून पाहिलं तर भाताची खाचरंच वाटतात. तसेच बांध, तसंच आत साठलेलं पाणी. पण इथे नांगर कधी फिरलेला नाही. ब्यूफोर्ट समुद्राला मिळण्याआधी कोलव्हिल नदी फाटे फोडत जिथे पसरते, तिथली ही जमीन. हे बांध बर्फाने घातलेत.

आपल्याकडची काळी जमीन उन्हाने भेगाळते. ही कडाक्याच्या थंडीने तडकते. बर्फ वितळू लागला की पाणी त्या भेगेत उतरतं आणि खालच्या कायम गोठलेल्या थरात जाऊन थिजतं. पुढच्या हिवाळ्यात भेग पुन्हा तिथेच उकलते. पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. शेकडो वर्षं असं चालतं. भेगेतला बर्फ पाचरीसारखा जाड होत जातो आणि दोन्ही अंगांची माती वर रेटतो. कुठे वीतभर, कुठे हातभर उंच. एवढाच काय तो चढ या सपाट मुलखात, आणि टुंड्रा हंसाला तो पुरतो.

(बांधावर हंसांची जोडी)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराकडे हिवाळा काढून मे महिन्याच्या उत्तरार्धात हंस इथे पोहोचतात. तळी अजून गोठलेली असतात. बांधावरचं हिम मात्र वाऱ्याने बरंचसं उडवलेलं असतं, उरलेलं उन्हाने लवकर जातं. पहिली कोरडी जागा सापडते ती तिथे. थांबून चालत नाही. अंडी उबवायला महिना, पिल्लांच्या पंखात बळ यायला आणखी दोन महिन्यांहून जास्त, आणि सप्टेंबरअखेर तळी पुन्हा गोठायला लागतात.

(जवळून: घरटं)

शेवाळ, लव्हाळं, सुकं गवत. मीटरभराहून रुंद ढीग, मधोमध खोलगट. हाताशी येईल ते गवत जोडी चहूबाजूंनी उपटून आणते, म्हणून घरट्याभोवती ओला चर पडलेला दिसतो. जुना ढीग शाबूत असला तर त्यावरच नवा थर चढतो. पुराचा अंदाज घेऊन कोकणात जोतं उंच घेतात, तसंच हे. खाली वितळलेलं पाणी पसरतं, वर अंडी कोरडी राहतात.

आणि इथून दिसतं किती! कोल्हा येताना लांबूनच कळतो. हंस लपत नाही. पांढराशुभ्र, सहा-सात किलोचा पक्षी उघड्यावर मान ताठ करून बसतो. डोळ्यापुढचा तो पिवळा ठिपका पाहा, थेंबाएवढा. तळंही दोन पावलांवर हवं, पिल्लांना चालत पाण्यात उतरता यावं म्हणून.

हंस जपायचा म्हणजे आधी हा बांध जपायचा, असं आम्हाला इथे उभं राहून वाटलं.

(तळ्यांचा विस्तार, दूरवर रस्ता)

याच मुखप्रदेशातून 2000 सालापासून खनिज तेल निघतं. आर्क्टिक तापतं आहे. पाचरी वितळल्या की बांध खचतात, तळी फुटून रिकामी होतात.

(रात्र. सूर्य मावळलेला नाही)

मादी उठते. बाजूचं शेवाळ चोचीने उपटते, मान मागे वळवून ढिगावर ठेवते. पुन्हा वाकते. नर पलीकडच्या बांधावर उभा आहे.